मशीन मूळचं नाही

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "काका, जुन्या घड्याळांच्या पारखीबद्दल लिहा. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं, गमतीजमती. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं. तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा गमती दीड पानात संपल्या. त्यानंतर जे यायला लागलं ते हलकं नव्हतं. बाईंना तसं कळवलं. "लिहून तर पाठवा," म्हणाल्या. म्हणून हे.

आधी माझं काम काय ते सांगतो. कुणाला जुनं भिंतीवरचं किंवा फळीवर ठेवायचं घड्याळ विकत घ्यायचं असलं, की तो मला बरोबर घेऊन जायचा. घड्याळ अस्सल आहे का, किती जुनं आहे, त्यातलं काय मूळचं आणि काय नंतर घातलेलं, हे मी सांगायचं. मी नाही म्हटलं तर सौदा होत नसे. असं मी चोवीस वर्षं केलं. त्याआधी गिरगावात, ठाकूरद्वारजवळच्या एका गल्लीत दाजींच्या दुकानात मी घड्याळं दुरुस्त करायचो. सेलची घड्याळं आली, चावीच्या घड्याळांची दुरुस्ती बंद पडली, दाजी वारले, दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला लागली. मी कारागिराचा पारखी झालो तो असा, दुसरं काही येत नव्हतं म्हणून.

लोकांना वाटतं, पारखी तबकडी बघतो. तबकडी मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी घड्याळ भिंतीवरून उतरवून त्याची पाठ बघायची. मग दार उघडून नाक आत घालायचं. शंभर वर्षांच्या लाकडाला एक कोरडा, तपकिरीच्या डबीसारखा वास येतो. मग बोटं फिरवायची. जुन्या घड्याळाचे तीन भाग धरा: लाकडी पेटी, आतलं मशीन आणि तबकडी. ही तिन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र असली तर घड्याळ अस्सल. पेटी एकाची आणि मशीन दुसऱ्याचं असलं तर ते जोडकाम. जोडकामाचं घड्याळसुद्धा वेळ बरोबर दाखवतं, ठोकेही बरोबर देतं. पण संग्राहक त्याला हात लावत नाही.

खोटं करणारे हुशार असतात. रे रोडच्या वखारींतून पाडलेल्या इमारतींचं सागवान आणतात, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतात. पण मशीन बदललं की जुन्या स्क्रूंची भोकं रिकामी राहतात. ती बुजवली, वरून रंग दिला, तरी बोटाला लागतात. आणि अजून एक गोष्ट असते, जी बाहेरच्या कुणाला ठाऊक नसते. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर मशीनच्या मागच्या प्लेटवर सुईनं बारीक खूण ओरखडून ठेवतो. महिना, वर्ष आणि स्वतःचं अक्षर. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही. पुढे कधीतरी ते मशीन उघडणाऱ्या कारागिराला कळावं म्हणून ती असते. काही जुन्या घड्याळांत मला अशा आठ-आठ, दहा-दहा खुणा सापडल्या आहेत. माझी खूण म्हणजे एक 'प' आणि त्याखाली आडवी रेघ. प म्हणजे परुळेकर.

गमतीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे बाईंचं मन राखल्यासारखं होईल. गिरगावातल्या दोन भावांनी वडिलांच्या मागे घराची वाटणी केली. घड्याळावरून अडलं. तेव्हा थोरल्यानं घड्याळ घेतलं आणि धाकट्यानं त्याचा लंबक नि चावी. अकरा वर्षं एकाकडे मुकं घड्याळ आणि दुसऱ्याकडे रुमालात गुंडाळलेला लंबक. दोघांनी मला वेगवेगळं बोलावलं, आठवड्याच्या अंतरानं. धाकट्यानं रुमाल सोडून लंबक माझ्या हातात दिला आणि विचारलं, "नुसत्या ह्याचं काय येईल?" मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "आणि नुसत्या त्याचं?" मी म्हटलं, "तेवढंच." तो इतका खूश झाला की त्यानं मला जेवून जायचा आग्रह केला. मी जेवलो. बायको खूप हसली होती ही गोष्ट ऐकून.

आता दुसरी गोष्ट.

नेपियन सी रोडला एक डॉक्टर राहतात. संग्रहाचा नाद मोठा. त्यांचं नाव लिहीत नाही. माझं निम्मं काम त्यांच्याकडूनच यायचं. गेल्या वर्षी त्यांना गिरणीतली घड्याळं जमवायची हौस आली. गिरण्या तर गेल्या. ऑफिसातली, खात्यांतली घड्याळं कुणाकुणाच्या घरी गेली होती. डॉक्टरांना कुणीतरी सांगितलं, की चिंचपोकळीला राण्यांकडे एक आहे आणि चाळ पाडणार म्हणून घरचे ते विकायच्या विचारात आहेत. आम्ही एका रविवारी सकाळी गेलो.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. निम्मं सामान खोक्यांत भरलेलं. घरात तिघं होती. मालतीबाई राणे, सत्तरीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा मुलगा संदेश, बँकेत नोकरीला. आणि मालतीबाईंचे दीर भालचंद्र, त्यांना सगळे भालू म्हणायचे. लग्न न केलेला, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता, गिरणी संपात नोकरी गेली ती गेली. पुढे कुठे कुठे वॉचमन म्हणून राहिला. हा माणूस आम्ही होतो तेवढा वेळ दाराशी उभा होता, उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक.

घड्याळ भिंतीवर होतं. मोठी गोल तबकडी, सागवानी चौकट, खाली पितळी पट्टी आणि तिच्यावर इंग्रजीत मालतीबाईंच्या सासऱ्यांचं नाव. मालतीबाई म्हणाल्या, "मामंजी विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. निरोपाच्या दिवशी साहेबानं स्वतःच्या खोलीतलं काढून दिलं. दुसऱ्या कुणाला दिलं नाही असं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बघा आता. मी घड्याळ उतरवून खाटेवर पालथं ठेवलं. पेटी अस्सल होती. लाकूड, सांधे, बिजागऱ्या, सगळं त्या काळचं. अशा पेटीत विलायती मशीन असायला हवं: जाड पितळी प्लेटा आणि आत शंकूच्या आकाराचं एक चाक, त्याच्यावर गुंडाळलेली तार. असं मशीन मिळणं आता फार कठीण आहे. मी तबकडीवर बोट फिरवलं. चावीच्या भोकाजवळ अर्ध्या इंचावर बोटाला एक किंचित उंचवटा लागला. म्हणजे मूळचं भोक बुजवून दुसरं पाडलेलं. वर दिलेला पांढरा रंग इतका जुळवून दिला होता की दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

तो रंग बघितला आणि माझे हात थांबले. तसा रंग मी द्यायचो. झिंकच्या पांढऱ्या रंगात किंचित पिवळी माती घालून.

मागचं झाकण उघडलं. आत जपानी मशीन होतं, बरं चालणारं, साधं. भिंग लावलं. मागच्या प्लेटवर, खालच्या कोपऱ्यात, 'प' आणि आडवी रेघ. शेजारी महिना आणि वर्ष. संपाचं दुसरं वर्ष.

सगळं एकदम आठवलं असं लिहितात लोक. मला सगळं आठवलं नाही, पण जेवढं लागत होतं तेवढं आठवलं. एक तिशीचा माणूस हे घड्याळ चादरीत बांधून, खांद्यावर घेऊन दुकानात आला होता. चिंचपोकळीहून चालत आलो म्हणाला. आतली तार तुटली होती. तार घालणं हे अर्ध्या दिवसाचं काम. दाजींनी तो गेल्यावर मशीन बाहेर काढून बराच वेळ हातात धरलं आणि मला म्हणाले, "परुळेकर, ह्यात ते जपानी बसव. हे माझ्या कपाटात ठेव."

"गिऱ्हाइकाला काय सांगायचं?" मी विचारलं.

"काय सांगायचंय? घड्याळ चाललं की झालं. संपातला माणूस आहे, त्याला आतलं काय कळतंय."

मी चोवीस वर्षांचा होतो. मशीन बसवलं, भोक बुजवलं, रंग दिला, आणि सवयीनं खूणही केली. आठ दिवसांनी तो माणूस आला. घड्याळाला कान लावून म्हणाला, "आवाज जरा वेगळा येतो ना हो?" दाजी म्हणाले, "साफ केलंय, तेल घातलंय. म्हणून." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो दुरुस्तीचे पैसे देऊन, घड्याळ खांद्यावर घेऊन गेला. ते विलायती मशीन दाजींनी पुढे कुणाला दिलं ते मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

हे सगळं खाटेपाशी वाकून भिंगातून बघताना आठवलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय परुळेकर?"

मी म्हणालो, "पेटी अस्सल आहे. मशीन मूळचं नाही. नंतर बदललेलं आहे."

"कधी?" हे संदेशनं विचारलं.

"चाळीसएक वर्षं झाली असतील."

डॉक्टर उठले. त्यांच्यापुरतं काम संपलं होतं. पण खोलीत कुणी हललं नाही. मालतीबाई दाराकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "सासूबाई तेव्हाच बोलल्या होत्या. घड्याळ परत आलं त्या दिवशीच. 'आवाज आपलो नाय ह्यो,' म्हणाल्या."

भालू म्हणाला, "वहिनी, मी दुरुस्तीला नेलं होतं. ठाकूरद्वारच्या दुकानात. तुम्हाला सांगून नेलं होतं."

"काका, हंडा पण सांगूनच नेला होतात," संदेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. घरात पाठ झालेली गोष्ट असावी, तसं तो बोलला.

"हंडा मी विकला. तो मी कबूल केलेला आहे. दारू पीत होतो तेव्हा. पण हे नाही रे."

"कुठलं दुकान? आहे का अजून?"

"नाही. मागे एकदा गेलो होतो. तिथे आता मोबाइलचं काहीतरी आहे."

मी झाकण बंद करत होतो. चार स्क्रू होते. चार स्क्रू लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला मिळाला होता. तेवढ्यात मी एक वाक्य बोलू शकलो असतो: ते दुकान आमचं, हे काम माझं. डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पारख्याची सगळी कमाई म्हणजे त्याच्या शब्दावरचा भरवसा. मशीन चोरणारा माणूस मशीन पारखतो म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून मला कुणी दारात उभं केलं नसतं. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. आज ते लिहून बघितलं तर दोन ओळींचं आहे.

भालूनं मला ओळखलं नाही. ओळखायचं काही कारणही नव्हतं.

जिने उतरताना डॉक्टर म्हणाले, "पेटी सुंदर होती हो. वाईट वाटलं." मी हो म्हटलं.

दोन महिने मी काही केलं नाही. कामाला गेलो, घड्याळं बघितली. एकदा दादरला एका घरी उत्तम फळीवरचं घड्याळ होतं, फ्रेंच, मूळच्या काचेसकट. मी भिंग लावलं आणि मागच्या प्लेटवरच्या खुणा वाचायची मला भीती वाटली. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना कधी सांगणार?" मी म्हटलं, जाईन. गेलो नाही.

मग संदेशचा फोन आला. डॉक्टरांकडून नंबर मिळवला होता. त्यांनी परळला भाड्याची खोली घेतली होती, भिंतीला खिळा मारायला मालक देत नव्हता, घड्याळ कुणी शोभेसाठी घेईल का एवढंच त्याला विचारायचं होतं. बोलता बोलता म्हणाला, "आता घरात माणसंही कमी आहेत. काका गेले."

"कधी गेले?" मी विचारलं.

"म्हणजे घर सोडून गेले. तुम्ही येऊन गेलात ना, त्याच आठवड्यात. वरळी कोळीवाड्यात त्यांचा गिरणीतला एक दोस्त आहे, त्याच्याकडे राहतात. आईशी बोलाचाली झाली."

दुसऱ्या दिवशी मी परळला गेलो. संदेश ऑफिसात गेला होता. मालतीबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही. सरळ सांगितलं. दुकान आमचं होतं, मशीन मी बदललं, तुमच्या दिरांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

त्या उठल्या, वाकून खाटेखालून चादरीत गुंडाळलेलं घड्याळ ओढून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "दाखवा."

मी झाकण उघडलं, भिंग त्यांच्या हातात दिलं, कुठे बघायचं ते दाखवलं. त्यांना भिंग धरता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांना ते अक्षर दिसलं.

"हा प म्हणजे तुम्ही?"

"हो."

"त्या दिवशी दिसला होता?"

"दिसला होता."

"मग?"

"डॉक्टर समोर होते," मी म्हणालो.

"आणि भाऊजी कुठे होते?"

मी झाकणाचा स्क्रू उचलून हातात धरला.

"ते समोर नव्हते का?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मी काय बोलले माहीत आहे? म्हटलं, विकलंत ते विकलंत, पण चाळीस वर्षं त्याच घड्याळाखाली अंथरूण घालून झोपलात, तुम्हाला लाज नाही वाटली? ते पहिले दोन दिवस नाही नाही म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, 'वहिनी, विकलं असेल मी. मला आठवत नाही, पण विकलं असेल.' आणि पिशवी भरून गेले. मी थांबवलं नाही. खोली लहान होती, मलाही वाटलं, बरं झालं."

आम्ही दोघं त्याच दिवशी टॅक्सीनं कोळीवाड्यात गेलो. घड्याळ मांडीवर घेऊन मी पुढे बसलो होतो.

भालूचा दोस्त जनार्दन, कोळी माणूस. दोघं गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर होते. संपानंतर जनार्दन घरच्या होडीवर परत गेला. त्याच्या घराच्या माळ्यावर भालू राहायचा आणि दिवसा किनाऱ्याजवळ बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करायचा, हातात काठी, कावळे हाकत. आम्हाला बघून तो उभा राहिला. खूप वाळला होता. खोकला होता. वहिनीला म्हणाला, "उन्हाचं कशाला आलात?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. तो काठी धरून ऐकत होता. मध्येच एका कावळ्याला हाकललं. मी म्हटलं, "तुम्ही घड्याळाला कान लावला होतात. आवाज वेगळा येतो म्हणाला होतात."

"असं म्हणालो होतो मी?" त्याचा चेहरा बदलला. एवढा एकच क्षण मला वाटलं, की जमलं.

"हो. दाजी म्हणाले, तेल घातलंय म्हणून. मी शेजारी होतो."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग मान हलवली. "मला नाही आठवत. त्या वर्षातलं काहीच नीट आठवत नाही हो मला. मी खूप पीत होतो. कुणाला काय बोललो, कुणाकडे काय टाकलं, काही नाही."

मी झाकण उघडून प्लेट त्याच्यापुढे धरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हां, आहे काहीतरी." आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

"भाऊजी, ह्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय," मालतीबाई म्हणाल्या. "तुमचा काही दोष नव्हता. चला घरी."

"वहिनी, ह्यांनी मशीन बसवलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्या शेटला मीच सांगितलं असणार, की ते काढून घ्या आणि मला पैसे द्या. नाहीतर एवढं मोठं दुकान कशाला असं करेल?" मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही मोठ्या मनाचे आहात. माझ्यासाठी स्वतःवर घेताय. पण राहू द्या."

मी ओरडलो त्याच्यावर. मला ते आठवलं की अजून लाज वाटते. किनाऱ्यावर बायका मासळी निवडत होत्या, त्या सगळ्या बघायला लागल्या. मी ओरडून सांगत होतो, की तुम्ही चोर नाही, मी चोर आहे, आणि तो माझा हात थोपटत होता.

नंतर मी चार-पाच वेळा एकटा गेलो. जनार्दनला मध्ये घालून बघितलं. तो म्हणाला, "काका, आम्ही पण सांगून थकलो. त्याच्या मनानं घेतलंय." प्रत्येक वेळी भालू मला चहा पाजायचा. एकदा आम्ही साच्यांबद्दल बोललो, धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा ठोकळा, कसा फेकला जातो ते त्यानं हातांनी दाखवलं. चाळीस वर्षांनी हात अजून बरोबर फिरत होते. घड्याळाचं काढलं की मात्र गप्प.

डॉक्टरांनाही मी सांगितलं. त्यांच्या घरी जाऊन, उभ्यानं सांगितलं. मला वाटलं होतं, ते मला हाकलतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग पुढे झुकून विचारलं, "मग ते मूळ मशीन कुठे गेलं? काही माग लागेल का?" मी म्हटलं, नाही. "आठवून बघा," म्हणाले. त्यांचं काम मी तिथेच सोडलं. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनाही सांगितलं आणि त्यांचंही सोडलं. त्यांच्यातल्या कुणीच मला वाईट म्हटलं नाही. ज्या भरवशासाठी मी त्या दिवशी तोंड मिटलं होतं, तो असा होता.

गणपतीच्या आधी भालूला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. छाती. गिरणीतला कापूस, वरून विडी, वरून म्हातारपण. संदेशनं धावपळ केली, त्यानं काही कमी केलं नाही. त्याला त्याच्या आईनं सगळं सांगितलं होतं आणि तो माझ्याशी बोलत नव्हता, पण मला येऊ नका असंही त्यानं म्हटलं नाही. मी दुपारी भेटायच्या वेळेत जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचो.

पाचव्या दिवशी दुपारी मालतीबाई त्याच्या उशाशी होत्या. नाकावर नळी होती. त्यानं हातानं खूण करून त्यांना जवळ बोलावलं. शब्द तुटत होते, पण मला ऐकू आले.

"वहिनी, मशीन मी विकलं. मामंजींचं... आपल्या बाबांचं."

"नाही हो भाऊजी. तुम्ही नाही विकलंत. हे बघा, ते बसलेत समोर, त्यांनी..."

त्यानं मान जोरजोरात हलवायला सुरुवात केली. नळी निघाली. नर्स आली, नळी बसवली, "पेशंटला त्रास देऊ नका," म्हणाली. त्याचा श्वास लागला होता. डोळे मालतीबाईंवर होते. पुन्हा म्हणाला, "विकलं. मला माफ करा."

मालतीबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि स्वच्छ, मोठ्यानं म्हणाल्या, "केलं माफ, भाऊजी. विकलंत तर विकलंत. मी केलं माफ."

"आणि बाबा?"

"त्यांनी पण केलं."

त्याची मान थांबली. धापही हळूहळू ओसरली. तो झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

आदल्या दुपारी, भेटायची वेळ संपल्यावर मी आणि मालतीबाई एकत्रच जिना उतरलो. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटच्या पायरीवर थांबल्या.

म्हणाल्या, "त्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि मला त्यांना माफ करावं लागलं."

मी पुढे केलेला हात खिशात घातला.

"तुम्हाला मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागितलीत तरी नाही. तेवढं माझं मला राहू द्या."

मी "बरं" म्हणालो. फाटकाबाहेर टॅक्सी थांबवली. त्या आत बसल्या, दार मी लावलं. परळच्या त्या रस्त्यावर गणपतीचे मंडप बांधायचं काम चाललं होतं, त्यामुळे टॅक्सी बराच वेळ तिथेच अडकून होती. मी शेजारी फूटपाथवर उभा होतो. काच खाली होती, पण त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.